सतराशे परस

शनिवार, रात्रीचे साडेदहा. उज्जैन.

मांड्या ठणकायल्यात, पट्टे आवळले होते बरोबर तिथंच. सासूबाई शेजारच्या पलंगावर डोळे मिटून पडल्यात, पण झोपलेल्या नाहीत. मधूनच "शिव शिव" म्हणतात, आणि ते महादेवासाठी नाही, माझ्यासाठी आहे. लिहून ठेवते. उद्या ओंकारेश्वरच्या गडबडीत अर्धं विसरून जाईन.

लातूरहून निघताना बेत फक्त देवदर्शनाचा होता. परळी, औंढा, वेरूळ ही आपल्या घरची तिन्ही ज्योतिर्लिंगं सासूबाईंची कधीच झालीत. राहिले होते महाकाल आणि ओंकारेश्वर. हिवाळ्यात इथं देवास रोडला दताण्याच्या धावपट्टीवर विमानातून उड्या मारायला मिळतात, हे लेकीनं मोबाईलवर शोधून काढलं. पण ती सोळा वर्षांची, तिला नाही म्हणाले. यांची पाठ धरलेली. दोघांनी माझ्याकडं बघितलं.

"काय करलालीस गं हे?" सासूबाई म्हणाल्या. "तेवढ्या पैशात सोयाबीनच्या बी-खताचं भागलं असतं." हिशोब चुकीचा नव्हता.

पहाटे चारला भस्म आरती. भस्म चढवताना बायकांनी घुंगट घ्यायचा, म्हणून आम्ही दोघींनी पदर तोंडावर ओढला. लेक मात्र फटीतून बघत होती. मी बघितलं नाही, नुसते ढोल ऐकले. मग पोहे-जिलेबी आणि थेट धावपट्टी. तिथं धुक्यानं दोन तास बसवून ठेवलं. किती वेळ लागेल हे कुणी धड सांगेना, खुर्च्या मोजून चार. नंतर सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं केलं. तो आकडा मी इथंसुद्धा लिहिणार नाही.

इन्स्ट्रक्टर हरयाणाचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. "मॅडम, कुछ नहीं करना है, बस केला बनना है." म्हणजे कंबर पुढं, मान मागं, पाय वाकवून त्याच्या पायांमधून मागं घ्यायचे. जमिनीवर पालथं झोपवून केळं करून घेतलं. लेक व्हिडिओ काढत होती. तो व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर गेला तर मला बदली मागावी लागेल.

त्याच्या पाठीवर एक नाही, दोन पॅराशूट. मोठं उघडलं नाही तर दुसरं, आणि माणूस बेशुद्ध पडला तरी ठराविक उंचीवर ते दुसरं आपोआप उघडणारं यंत्र. तो हे सांगत होता आणि माझ्या डोक्यात भोपळा.

आमच्या मळ्यातली विहीर आठ परस खोल; परस म्हणजे पुरुषभर, साधारण सहा फूट. दोघं भाऊ त्यातच पोहायला शिकले. पाठीला वाळला भोपळा बांधायचा, नंतर नंतर रिकामा डबा, आणि दादा वरून ढकलून द्यायचे. बुडतोय बुडतोय म्हणत पोरगं वर यायचं. मी काठावर कपडे सांभाळायला. पोरीच्या जातीला कशाला पाहिजे पोहणं, असं कुणी तोंडानं म्हणालंसुद्धा नाही. भोपळा माझ्या पाठीला कधी बांधलाच नाही, एवढंच. २०१६ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली विहिरीत गाळ उरला होता, आणि तेव्हा मला उगाचच वाटलं, आता काय, राहिलंच.

विमान एवढंसं. खुर्च्या नाहीत, खाली मांडीला मांडी लावून बसायचं. पंधरा-वीस मिनिटं नुसतं वर, वर. कानाला दडे बसले. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं, हे मी सातवीच्या वर्गाला दरवर्षी फळ्यावर लिहून देते. आज बोटं आकडली तेव्हा कळलं की मी काय लिहीत होते. १०,००० फूट. मी परसात काढलं, सोळाशे-सतराशे परस.

दार उघडलं. पाय बाहेर सोडून बसवलं. खरं सांगायचं तर उडी मी मारलीच नाही. मागून तो दोनदा झुलला आणि विमान आमच्या वरून निघून गेलं.

सिद्धेश्वरच्या जत्रेतल्या पाळण्यात पोटात गोळा येतो तसा येईल म्हणून दात आवळले होते. आलाच नाही. विमानासोबत आपण आधीच पुढं धावत असतो, म्हणून एकदम खाली गेल्यासारखं वाटत नाही, असं तो खाली आल्यावर म्हणाला. आला तो वारा. मागं शेपटीसारखी छोटी छत्री सोडलेली असते वेग आवरायला, तरी ताशी २०० किलोमीटरच्या आसपास. गाल कानाकडं निघाले होते. मी ओरडले बहुतेक, पण माझा आवाज मला आला नाही. केळं झाले होते का, देव जाणे.

अर्ध्या मिनिटानं खांद्यांना जोरात हिसका, आणि एकदम चिडीचूप.

ती शांतता मला लिहिता येत नाही. खाली गव्हाची, हरभऱ्याची हिरवी वावरं, मधे मधे आपल्यासारखीच काळी माती, कुठल्याशा शेतात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. एक बाई बांधावरून चालली होती, डोक्यावर काहीतरी. तिनं वर बघितलं नाही. इन्स्ट्रक्टर म्हणाला, "मॅडम, रो रही हो क्या?" वाऱ्यानं पाणी येतंय म्हटलं. गॉगल होता डोळ्यांवर, त्यामुळं ते त्याला पटलं नसणार.

उतरताना पाय वर उचलायचे होते, ते अर्धेच उचलले गेले, म्हणून बसूनच घसरत आले. सासूबाई तरातरा आल्या. काही बोलल्या नाहीत, पाठीवरची माती झटकली, जरा जोरातच. गाडीत बसल्यावर हळूच विचारलं, "वर गार होतं का गं?"

मघाशी धाकट्या भावाचा फोन आला. व्हिडिओ त्याच्यापर्यंत पोचला होताच. पोट धरून हसला आणि म्हणाला, "ताई, पाठीला त्यो केवढा भोपळा बांधलावतीस!" मी विचारलं, विहिरीला पाणी किती आहे? म्हणाला, चार परस हाय, पण संक्रांतीपर्यंतच, पुढं मोटर लागली की खाली जातंय.

संक्रांतीला येते म्हटलं. डबा नको, माळ्यावर भोपळा असेल तर काढून ठेव.