कानेमोतो, पण कितवा?

मागची नोंद लिहिली तेव्हा माझी वाकिझाशी, म्हणजे आखूड जपानी तलवार, घरी येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि माझे पाय जमिनीवर नव्हते. नाकागोवर, म्हणजे मुठीच्या आत लपणाऱ्या पात्याच्या भागावर, दोन अक्षरं कोरलेली आहेत: कानेमोतो. सेकी गावचा लोहार मागोरोकू कानेमोतो (हेच नाव त्याच्या पुढच्या पिढ्यांनीही लावलं), सोळाव्या शतकाची सुरुवात, असं मी ठामपणे लिहून टाकलं होतं. सात महिने रोज तिला न्याहाळल्यावर आज ते विधान मागे घेते.

नागोयातल्या ज्या आजोबांच्या दुकानातून ती घेतली, त्यांनी पैसे घेतानाच सांगितलं होतं, "सही सगळ्यात शेवटी वाचा." मी मान डोलावली आणि घरी येऊन सगळ्यात आधी सहीच वाचली. मग पुढचे तीन महिने मला पात्यावर तेच दिसत राहिलं जे सहीने सांगितलं होतं. शेवटी नाकागोला कापड गुंडाळून ठेवलं आणि तलवार अनोळखी आहे असं धरून पहिल्यापासून सुरुवात केली.

आधी मापं. पाठीकडच्या खाचेपासून टोकापर्यंत सरळ रेषेत 53.9 सेंटीमीटर, म्हणजे 1 शाकू 7 सुन 8 बु. (एक शाकू 30.3 सेंटीमीटरचा. एक शाकूच्या आत तांतो, एक ते दोनच्या मध्ये वाकिझाशी, दोनच्या वर कताना.) तोरोकुशो या नोंदणीपत्रावरची लांबी हीच आहे. जपानमध्ये नवे असलेल्यांसाठी पुन्हा सांगते: तलवार हातात आल्यापासून 20 दिवसांत मालक बदलल्याचं नोंदणी करणाऱ्या प्रांताच्या शिक्षण मंडळाला कळवावं लागतं. यात हयगय नको.

सोरी, म्हणजे पात्याचा बाक, फक्त 0.9 सेंटीमीटर. बुंध्याशी रुंदी 3 सेंटीमीटर, टोकाशी 1.9. बाक कमी, निमुळतेपणा जास्त, टोक आखूड. इथेच मला थांबायला हवं होतं. मुरोमाची काळाच्या अखेरच्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या, पात्यांचा बाक बऱ्याचदा टोकाकडे झुकलेला असतो, आणि माझ्या पात्यात तसं काहीच नाही. उलट बाक कमी आणि टोकाकडे झपाट्याने निमुळतं होणारं अंग ही कानबुन काळाच्या, म्हणजे 1661 ते 1673 च्या आसपासच्या घडणीची ओळख.

मग हामोन, धारेवरचा पांढुरका नक्षीपट्टा. धार कडक व्हावी आणि पाठ लवचीक राहावी म्हणून लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड, आणि तापवून पाण्यात बुडवतो. कडक झालेल्या आणि लवचीक राहिलेल्या पोलादाची सीमा म्हणजे हामोन. तो ट्यूबलाइटखाली दिसत नाही. खोलीत अंधार करून एकच बल्ब लावायचा, पातं त्याच्या रोखाने धरायचं आणि हळूहळू कलवायचं. माझ्या पात्यावर सानबोनसुगी आहे, म्हणजे 'तीन सुगी'. सुगी हे सरळसोट वाढणारं जपानी झाड. तीन-तीनच्या झुपक्याने टोकदार शेंडे उभे आहेत असं दिसतं. (आपल्या सुगीशी काही नातं नाही, पण शब्द पहिल्या फटक्यात पाठ झाला.)

ही नक्षी कानेमोतो घराण्याची ओळखच आहे, म्हणून मी हुरळले होते. पण खुद्द मागोरोकूच्या हामोनात शेंडे एकसारखे नसतात. एखादा बुटका, एखादा गोलसर, मधलं अंतर कमीजास्त. फूटपट्टीने आखल्यासारखी नियमित, टोकदार ओळ त्याच्या नंतरच्या पिढ्यांची. माझी ओळ आखीव आहे. शिवाय बुंध्याशी हामोन सुरू होताना पहिली दोन बोटं सरळ जातो आणि मग शेंडे उठतात. या सरळ सुरुवातीला याकिदाशी म्हणतात आणि ती एदो काळातल्या (1603 ते 1868) पात्यांवर नेहमी भेटते. सात महिन्यांत मी ती किमान शंभरदा पाहिली असेल, पण तिचा अर्थ लावला नव्हता.

टोकातला हामोन मात्र अगदी मिनो प्रांताचा. मिनो म्हणजे आजचा गिफू, सेकी तिथलंच. टोकाशी रेषा वळते तिथे जिझो या बोधिसत्त्वाच्या डोक्याची बाजूने दिसणारी आकृती उमटते. वाटेवाटेवर लाल दुपटं गळ्यात घालून उभा असलेला दगडी जिझो इथे रोजच्या पाहण्यातला, त्यामुळे ती आकृती ओळखताना मला जवळचं कुणी भेटल्यासारखं झालं.

शेवटी कापड सोडून नाकागो बघितला. गंज गडद तपकिरी, गुळगुळीत, आणि अक्षरांच्या खाचांतही तोच रंग. हे महत्त्वाचं. मोठ्या नावाची सही मागाहून कोरली असेल तर छिन्नीने जुना गंज फोडलेला असतो; खाचेच्या कडा तीक्ष्ण आणि आतला रंग वेगळा दिसतो. इथे तसं नाही. कानशीच्या रेघाही मिनोच्या, ससाण्याच्या पिसासारख्या दोन्हीकडून मध्याला भेटणाऱ्या. तेव्हा माझा आजचा निष्कर्ष असा: सही खोटी नाही, ती नंतरच्या कानेमोतोची आहे. सतराव्या शतकाचा उत्तरार्ध. नाकागोवर सन कोरलेला नाही, नाहीतर काम सोपं होतं: 'कानबुन 8' असेल तर 1668. कोरलेला महिना बहुतेक वेळा दुसरा किंवा आठवाच असतो. ती रीत आहे, तेवढ्यावरून घडणीचा नेमका महिना ठरवू नका.

नाकागोवरून आठवलं. आई दोन महिने राहायला आली होती. मी मूठ उतरवली तेव्हा ती म्हणाली, "अगं, एवढी महागाची वस्तू आणि हा गंज? पितांबरी आणलीय मी, दे इकडे." देवघरातली समई लखलखीत ठेवणाऱ्या बाईचं काय चुकलं? पण नाकागोचा गंज हाच तलवारीचा जन्मदाखला. तो घासला की वय ओळखायचं सर्वात भरवशाचं साधन गेलं आणि किंमतही गेली. तेल लावायचं ते पात्याला; नाकागोला नवा लाल गंज दिसला तरच तेलाचं बोट पुसटसं फिरवायचं. हे समजावल्यावर आईने दोन महिने तिच्यावर माझ्यापेक्षा कडक पहारा ठेवला.

एक डाग मात्र माझ्याच हातून पडला. इथला पावसाळा जूनमध्ये सुरू होतो आणि हवा चिपळूणसारखी ओली होते. जुलैत पात्याच्या मधोमध मोहरीएवढा तांबूस ठिपका दिसला. पातं उघडं धरून मी कुणाशी तरी बोलत होते, थुंकीचा थेंब उडाला असावा. तलवार बघताना तोंड मिटून ठेवायची रीत शिष्टाचारापुरती नाही, हे त्या ठिपक्याने शिकवलं. मी तो खरवडला नाही. पॉलिशवाल्याकडे नेला; त्यांनी भिंगातून पाहून गंज वरवरचा आहे, एवढ्यासाठी सबंध पॉलिश करू नका, असं सांगितलं. प्रत्येक पॉलिशमध्ये पोलाद कमी होतं आणि कमी झालेलं परत येत नाही. सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे तर जुनं पातं कधीच देऊ नका.

माझी सध्याची पद्धत: मूठ आणि हाबाकी (पात्याच्या बुंध्याशी बसणारं धातूचं कडं) उतरवून जुनं तेल निर्जल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसायचं, बुंध्याकडून टोकाकडे, एकाच दिशेने. मग लवंगेच्या वासाचं चोजी तेल, इतकं पातळ की पुसल्यासारखं वाटावं. जास्त झालं तर म्यानाच्या लाकडात मुरतं आणि धूळ धरतं. उचिको ही दगडाची बारीक पूड मी बंद केली आहे. पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले हे खरं, पण हातात कसब नसेल तर चांगल्या पॉलिशवर बारीक ओरखडे उठतात. ओल्या महिन्यांत दर तीन आठवड्यांनी, एरवी दोन महिन्यांनी. ठेवण शिरासायात, होनोकीच्या साध्या लाकडी म्यानात. त्याचे दोन भाग भाताच्या खळीने चिकटवतात. पुढे आतून साफ करायचं झालं तर ते न मोडता उघडता यावेत म्हणून.

साताऱ्याच्या एका वाचकाने विचारलं होतं, आजोबांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवरून आणलेली जपानी तलवार जुनी असेल का? पात्यावर बुंध्याशी आकडे ठोकलेले असतील आणि मूठ धातूची ओतीव असेल, तर ती 1935 च्या नमुन्याची, कारखान्यात बनलेली फौजी तलवार. पण अधिकाऱ्यांच्या मुठीत कधीकधी घराण्यातलं जुनं पातं बसवलेलं असे. तेव्हा मूठ जपून उतरवून नाकागो पाहिल्याशिवाय काही ठरवू नका. त्यावर छोटा शिक्का दिसला तर युद्धकाळातली असण्याची शक्यता जास्त. काहीही दिसलं तरी घासू नका, फोटो काढा.

गेल्या रविवारी पहिल्यांदा ओशिगाता, म्हणजे कागदावरचा ठसा, काढली. नाकागोवर पातळ कागद घट्ट धरून काळी मेणकट वडी फिरवली, तशी कानशीच्या रेघा आणि दोन अक्षरं हळूहळू वर आली. 'मोतो'चा शेवटचा फटका वर उचलताना छिन्नी किंचित घसरलेली आहे. डोळ्यांनी पाहताना हे सात महिन्यांत एकदाही लक्षात आलं नव्हतं. आता हाच ठसा घेऊन नंतरच्या कानेमोतोंच्या छापील ओशिगातांशी एकेक फटका ताडून पाहायचा आहे. तोवर तलवार तज्ज्ञांच्या तपासणीसाठी तोक्योला पाठवणार नाही. 2 जानेवारीला सेकीत लोहार वर्षाचा पहिला घण घालतात, त्या दिवशी ठसा बरोबर नेणार आहे.