वज्रासन सोडून बाकी सगळं

क्लास सुरू होताना सगळे ओळीत गुडघे मुडपून बसतात. कराटेत त्याला सेइझा म्हणतात, आपल्या वज्रासनासारखंच. सगळे बसतात आणि ओळीच्या टोकाला मी एकटी उभी असते, कारण माझा डावा गुडघा तेवढा मिटत नाही. सुरुवातीला ती दोन मिनिटं फार जड जायची. आता मी उभ्यानेच डोळे मिटते, श्वास मोजते आणि सगळ्यांबरोबर वाकते.

चार वर्षांपूर्वी हा गुडघा गेला, तोही पॅडवरच्या अगदी साध्या सरावात. मवाशी गेरी म्हणजे कडेने फिरवून मारायची किक. ती मारताना ज्या पायावर आपण उभे असतो, तो चवड्यावर फिरून त्याची टाच समोरच्याकडे वळावी लागते. मी उजव्या पायाने किक मारली. कंबर फिरली, मांडी फिरली, पण डावं पाऊल मॅटला चिकटून जागच्या जागी राहिलं. मग तो सगळा पीळ गुडघ्यात गेला. आतून 'टक्' असा आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगला. एमआरआयमध्ये दिसलं की एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलंय आणि मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली गादी, फाटलीय. फाटलेला भाग आतल्या कडेचा होता. तिथे रक्तपुरवठा नसतो, म्हणून टाके घालून तो सहसा जुळत नाही. तेवढा तुकडा काढावा लागला.

त्या काळात मला दोन प्रकारचे सल्ले मिळाले. एक, 'आता सोड हे सगळं.' दुसरा, 'दुखणं सहन करायला शीक, हीच तर मार्शल आर्ट आहे.' पहिल्यात निदान काळजी होती. दुसऱ्याचा मला आजही राग येतो, कारण मी तो ऐकला होता.

माझ्याच मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, काढून नवं लिगामेंट बसवलं होतं. मला वाटलं, बसवलं म्हणजे काम झालं. खरं तर ती कंडरा सुरुवातीला जिवंत लिगामेंट नसतेच. शरीर हळूहळू तिच्यात नव्या रक्तवाहिन्या घालतं, तिचे धागे नव्याने विणतं, आणि या विणकामाच्या मधल्या काही आठवड्यांत ती बसवल्या दिवसापेक्षाही कमकुवत असते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. चौथ्या महिन्यात मी क्लासला गेले, पाय हलका वाटला, म्हणून पॅडवर वीसेक किक मारल्या. मारताना काहीच दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याची वाटी सुजेत बुडाली होती.

फिजिओ रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त माझा प्रश्न बदलून दिला. सराव करताना 'दुखतंय का?' एवढंच विचारून भागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी 'सूज आली का?' हे विचारायचं. आली असेल तर कालचं काम जास्त झालं. त्यानंतर माझा सगळा सराव त्या सकाळच्या उत्तरावर चालला. 9 महिन्यांच्या आत उड्या-वळणांच्या खेळात परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो, म्हणून तोवर कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, बंद. त्यानंतरही एका पायावर उडी मारून अंतर मोजायचं. डाव्याची उडी उजव्याच्या निदान 90 टक्के पडेपर्यंत थांबायचं. माझी दहाव्या महिन्यात पडली.

मधले महिने मात्र वाया गेले नाहीत. पहिले काही आठवडे मी खुर्चीत बसून नुसते ठोसे मारले. सरांनी मागून माझ्या खांद्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "मार." मी मारला. "खांदा वर आला." पुन्हा मारला. पुन्हा वर आला. पाय आणि कंबर बाजूला काढल्यावर, इतकी वर्षं खांदा किती खोटं काम करत होता ते उघडं पडलं. मग उंच पवित्र्यात हेइआन शोदान, चार महिने तोच एक काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. पुढे मवाशी गेरी तुकड्यांत शिकले. आधी टाच फिरवायची, मग गुडघा उचलायचा, शेवटी पाय सोडायचा. पूर्वी हे तिन्ही एकदम, घाईत व्हायचं.

कुमितेत परतल्यावर एक वेगळीच अडचण आली. समोरच्याला मी सांगायचे, "जरा जपून हं." म्हणजे काय करायचं ते त्याला कसं कळणार? एक मुलगा हाताने अगदी हळू, फुंकर घातल्यासारखा मारायचा आणि पुढच्याच क्षणी सवयीने माझा डावा पाय झाडायला, म्हणजे आशी बाराई करायला जायचा. तेव्हापासून वाकण्याआधी मी नेमकं सांगते, "डाव्या पायाला आशी बाराई नको. बाहेरून गुडघ्यावर किक नको. बाकी सगळं चालेल."

पहिल्यांदा हे ऐकून तो मुलगा क्षणभर थांबला. "ताई, मग डोक्यावर मारू?"

"मार. मी अडवते."

त्या दिवशी कित्येक महिन्यांनी मी खरी लढत खेळले.

पॅरा स्पर्धा बघताना हेच दिसलं आणि फार बरं वाटलं. दृष्टिबाधित खेळाडूंच्या ज्युदोत लढत एकमेकांची पकड धरूनच सुरू होते. तेवढा बदल केला की पुढे फेकणं, दाबून धरणं, गळा आवळणं सगळं तसंच. 2024च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमारने त्यात कांस्य जिंकलं, पॅरालिम्पिक ज्युदोतलं भारताचं पहिलंच पदक. पॅरा तायक्वांदोत बहुतेक खेळाडूंच्या हातांत व्यंग असतं आणि हातांनी डोकं झाकता येईलच असं नाही, म्हणून डोक्यावर किक मारायला मनाई आहे. धडावर मात्र पूर्ण ताकदीने. कोणीही कोणाला 'जरा जपून' खेळवत नाही.

गेल्या आठवड्यात एक नवा मुलगा आला. त्याचा खांदा दोनदा निखळलाय. माझ्यासमोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ताई, जरा जपून."

"कुठला खांदा?"

"उजवा."

"कुठे नेला की निसटतो?"

त्याने हात बाजूला उचलला, कोपरात वाकवला आणि सावकाश मागे न्यायला लागला. कानाच्या रेषेत येऊन थांबला. "इथपर्यंत चालतं."

मी त्याचं मनगट धरून तो हात तिथवर एकदा नेऊन पाहिला, माझा डावा गुडघा त्याला दाखवला, आणि आम्ही एकमेकांसमोर वाकलो.