कंसातला आकडा आणि अकरा दिवस

ज्या फॉर्मचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, त्यात एक रकाना होता: ‘सिस्टम इन्फर्मेशनमध्ये दिसणारी अ‍ॅडॉप्टर रॅम’, म्हणजे विंडोजच्या माहितीच्या पानावर दिसणारी ग्राफिक्स कार्डाची मेमरी. पणजीतल्या त्या सर्व्हिस काउंटरवर हा रकाना भरल्याखेरीज ग्राफिक्स कार्ड हातात घेत नाहीत आणि एकदा तो भरला की त्या आकड्यापलीकडे कोणी काही पाहत नाही.

मुलाच्या संगणकात पूर्वी जीटीएक्स १६५० हे ४ जीबीचे कार्ड होते. ते काढून आम्ही १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० बसवले आणि ते काम एका दुपारी आटोपले. संध्याकाळी त्याने आपला नेहमीचा गेम उघडला, तेव्हा सेटिंगच्या पानावर मेमरी ४ जीबीच दिसत होती आणि टेक्श्चर (चित्रातल्या पृष्ठभागांचा तपशील) ‘हाय’वर नेताच तांबडी पट्टी उमटत होती. “बाबा, आपल्याला दुसरंच कार्ड दिलंय,” तो म्हणाला. खात्री करावी म्हणून मी सिस्टम इन्फर्मेशन उघडले, तर तेथे अ‍ॅडॉप्टर रॅमपुढे (१,०४८,५७६) बाइट्स असे लिहिलेले. म्हणजे एक एमबी. माझा धीर तेथेच सुटला. त्या रात्री टास्क मॅनेजर (संगणकात काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून पाहण्याइतका शांतपणा मी दाखवला असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

दुसऱ्या दिवशी भर पावसात, कार्ड त्याच्या पिशवीत आणि पिशवी टॉवेलात गुंडाळून, मी फोंड्याहून कदंब बसने पणजीला गेलो. काउंटरवरच्या मुलाने मी भरलेला फॉर्म पाहिला, रकान्यातल्या आकड्याखाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाला, “सर, मेमरी गेलीय. एकच एमबी उरलीय.” मी म्हटले, एखाद्या संगणकात बसवून तरी पाहा. “तपासणी इथे होत नाही, सर, आत होते.” तीन दिवसांत फोन येईल, असे त्याने सांगितले. मध्ये चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली. घरात गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली गेली, पाहुणे आले आणि गेले, मुलगा मात्र बंद संगणकासमोरच्या खुर्चीत बसून मोबाइल चाळत राहिला. मी फोन केला की कधी तंत्रज्ञ रजेवर असे, कधी ‘सिस्टम’ बंद असे, आणि एकदा तर मलाच पुन्हा विचारण्यात आले की सिस्टम इन्फर्मेशनमध्ये किती दिसत होते. अकराव्या दिवशी मी स्वतः जाऊन उभा राहिलो, तेव्हा कार्डासोबत एक चिठ्ठी पुढे आली: ‘मेमरी १ एमबी. वर पाठवावे लागेल.’ वर पाठवणे म्हणजे आणखी सहा ते आठ आठवडे. कार्ड आत कोणत्या यंत्रात बसवले होते, हे मी तीनदा विचारले. उत्तर मिळाले नाही. माझा तर्क असा की ते बसवलेच नव्हते, माझाच आकडा उतरवून काढला होता. मी कार्ड उचलले आणि घरी आलो.

मी एका पतसंस्थेत हिशेब पाहतो. त्याच रात्री एका पत्रकात तुटीच्या रकमा कंसात लिहीत असताना माझा हात थांबला. आकडा कंसात असला तर तो उणे असतो, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो आहे, आणि अकरा दिवस मात्र त्या कंसांकडे केवळ सजावट म्हणून पाहत होतो!

त्यामागचा हिशेब असा आहे. विंडोजची अ‍ॅडॉप्टर रॅम ही नोंद ३२ बिटांच्या रकान्यात ठेवली जाते आणि ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९५ याहून मोठा आकडा मावतच नाही, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. त्यामुळे कार्ड ८ जीबीचे असो वा १२ जीबीचे, तेथे बहुधा ४,२९,३९,१८,७२० बाइट्स, अर्थात ४,०९५ एमबी, एवढेच लिहिले जाते. सिस्टम इन्फर्मेशनचे पान हाच आकडा धन-ऋण चिन्हाचा म्हणून वाचते, आणि मग त्यातून ४,२९,४९,६७,२९६ वजा होऊन उणे १०,४८,५७६ उरतात, जे ते पान कंसात छापते. हा आकडा कार्डाच्या प्रकृतीविषयी काहीही सांगत नाही.

खरा आकडा तीन ठिकाणी मिळाला. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डेडिकेटेड जीपीयू मेमरी, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, १२ जीबी होती. (त्याखालची शेअर्ड मेमरी ही संगणकाच्या रॅमच्या साधारण निम्मी असते; ती मिळवून २० जीबीचे कार्ड मिळाले म्हणून हरखू नये.) कमांडच्या खिडकीत एनव्हिडिया-एसएमआय (nvidia-smi) ही आज्ञा लिहिल्यावर १२,२८८ एमआयबी, म्हणजे १२ जीबीच, आले. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, क्यूडब्ल्यू-मेमरीसाइझ (qwMemorySize) नावाची ६४ बिटांची नोंद असते, तीही १२ जीबीच सांगत होती.

मग गेम ४ जीबी का दाखवत होता? त्याने पहिल्या दिवशी, जुने कार्ड असताना, स्वतःची सेटिंगची फाइल लिहून ठेवली होती आणि पुढे तीच वाचत होता. फाइलचे नाव बदलून गेम पुन्हा सुरू केला, त्याने नवी फाइल लिहिली, तांबडी पट्टी गेली. एवढेच.

हे आधी सांगायला हवे होते: मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या सॉकेटला न लावता कार्डाच्याच सॉकेटला लावलेली असावी, नाहीतर अंगभूत ग्राफिक्सची १२८ किंवा ५१२ एमबी मेमरी दिसून उगाच घाबरगुंडी उडते. यादीत ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ दिसत असेल, तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅमच, चालू नाही. जुना ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर पुसून काढणारे साधन) सेफ मोडमध्ये जाऊन काढायचा असेल, तर त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) चावी कागदावर उतरवून घ्यावी. माझी पाऊण तास सापडत नव्हती. वापरलेले कार्ड विकत घेत असाल तर जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम चालवून पाहावा, कारण बायोस (कार्डातला मूळ प्रोग्रॅम) बदलून खपवलेली अनेक बनावट कार्डे तो नावापुढे ‘फेक’ लिहून दाखवतो. आणि कार्ड कोणाच्याही हाती देण्यापूर्वी टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट व अनुक्रमांकाच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवावा.

त्या चिठ्ठीतला ‘१ एमबी’ हा शेरा मात्र वॉरंटीच्या नोंदीत तसाच राहिला होता, म्हणून मी पुन्हा पणजीला गेलो. त्या मुलाला वाद न घालता एवढेच म्हटले की, काउंटरशेजारी जो गेमिंगचा नमुना संगणक मांडला आहे, त्यावर सिस्टम इन्फर्मेशन उघड. त्याने उघडले. ८ जीबीचे कोरे कार्ड, आणि पुढे कंसात १,०४८,५७६. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग हळू आवाजात म्हणाला, “सर, हे तर कालपर्यंत नीट चालत होतं.”

शेरा खोडून घ्यायला आणखी चाळीस मिनिटे लागली. फॉर्मचा नवा गठ्ठा तेव्हाच छापून आला होता; रकाना जागच्या जागी होता.