एकवीस हजारांत बसवताना

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मावशींबरोबर सेवा केंद्रात गेले होते. फॉर्म भरणाऱ्या मुलाने मान वर न करता विचारलं, "निराधारसाठी का?" मावशी हो म्हणाल्या. त्याने वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात २१,००० टाइप केलं आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. मावशी चार घरी धुणंभांडी करतात, आमच्यासकट प्रत्येक घरी महिन्याला बाराशे. मी नाशिकच्या सातपूरला एका सीएच्या ऑफिसात चौदा वर्षं हिशेब बघते, त्यामुळे गुणाकार आपोआपच झाला. ४,८०० गुणिले बारा, ५७,६००. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशींनी टेबलाखालून माझा हात दाबला.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ताई, सगळ्यांचं एवढंच लिहितात."

संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला १,७५०. रोज सहाशे मिळवणारा बिगारी पस्तीस दिवस कामावर गेला की मर्यादा गाठतो, उरलेले तीनशे तीस दिवस घरी बसला तरी. मावशी पाचव्या महिन्यातच ती ओलांडतात. मिळायचे काय, तर महिन्याला दीड हजार. नवरा टाकून गेला त्याला अकरा वर्षं झाली. परित्यक्ता असल्याचा कागद, पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा कागद, आधार, बँक पासबुक, आणि हा दाखला. बाकीचे सगळे कागद खरे होते.

ही गोष्ट मी घरकामगार बायकांच्या संघटनेतल्या एका ताईंना सांगितली आणि फसले. त्यांना लोकप्रतिनिधींकडे 'किमान उत्पन्न हमी'चा मसुदा द्यायचा होता. "तुम्ही हिशेबातल्या, तुम्हीच लिहा." मग दर रविवारी पंचवटीतल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं बसायला लागलो. मी, त्या ताई, अर्थशास्त्र शिकणारी एक कॉलेजची मुलगी आणि निवृत्त पोस्टमास्तर काका. काकांना प्रत्येक गोष्टीवर आक्षेप असायचा. त्यांच्यामुळेच मसुदा तीनदा लिहावा लागला, आणि ते बरंच झालं.

पहिला मसुदा त्या मुलीचा. सगळ्यांना सरसकट रक्कम, श्रीमंत-गरीब न बघता. तिने २०१६-१७चा आर्थिक पाहणी अहवाल काढून आणला होता. अरविंद सुब्रमणियन मुख्य आर्थिक सल्लागार असताना त्यात सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नावर अख्खं प्रकरण होतं आणि माणशी वर्षाला ७,६२० रुपयांचा हिशेब मांडला होता. काका म्हणाले, "म्हणजे मलाही द्यायचे? मला पेन्शन आहे." खरं तर सार्वत्रिक उत्पन्न आणि किमान उत्पन्नाची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात सगळ्यांना सारखे पैसे. दुसऱ्यात एक रेषा ठरवायची आणि जो खाली आहे त्याला रेषेपर्यंत उरलेली भर घालायची. दुसरं स्वस्त पडतं, म्हणून आम्ही दुसरं धरलं. तेव्हा ते सोपंही वाटलं होतं.

रेषा कुठे आखायची यावर दोन रविवार गेले. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यरेषा मांडली तेव्हा १९६०-६१च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. गरिबी मोजायला नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ला शहरासाठी देशभराचा आकडा माणशी महिना १,००० होता. मावशींना मी तो सांगितला. त्या पोळ्या लाटत होत्या, हसून म्हणाल्या, "हजारात खोलीचं भाडं तरी निघतं का?" रेषा आखणाऱ्यांचं काम मला कमी लेखायचं नाही. पण एकदा आखलेली रेषा कोणी हलवत नाही, हे मात्र दिसलं. वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला आजही २०० रुपयेच आहे. राजस्थानने २०२३मध्ये किमान उत्पन्न हमीचा कायदा केला, त्यात किमान हजार रुपये पेन्शन आणि त्यावर दरवर्षी पंधरा टक्के वाढ कायद्यातच लिहिली होती. ते वाढीचं कलम आम्ही बिनविरोध उचललं. काकांनीसुद्धा हात वर केला.

मग महिना ६,००० ही रेषा धरून दुसरा मसुदा केला आणि मावशींवरच तपासून पाहिला. कमाई ४,८००, सरकारची भर १,२००, एकूण ६,०००. छान. तेवढ्यात त्यांना पाचवं घर मिळत होतं, आणखी बाराशेचं. म्हणजे कमाई ६,०००, भर शून्य, एकूण पुन्हा ६,०००. महिनाभर एका घराची भांडी घासायची आणि हातात एक रुपया जास्त नाही. मी हे कागदावर मांडून दाखवल्यावर मावशींनी विचारलं, "मग मी ते घर कशाला धरू?" फुकटं खाण्याची सवय लागते वगैरे जे बोललं जातं, त्यातलं यात काहीच नव्हतं. बेरीज चुकली होती, आणि ती आम्ही केली होती.

यावरचा तोडगा जुना आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२मध्येच उलट्या आयकराच्या नावाने मांडलेला. मिळवलेल्या प्रत्येक रुपयामागे मदत पूर्ण रुपयाने नाही, काही पैशांनीच कमी करायची. आम्ही हमी ४,०००वर आणली आणि रुपयाला पन्नास पैसे कापायचं ठरवलं. मावशींच्या ४,८०० कमाईवर १,६०० भर, एकूण ६,४००. पाचवं घर धरलं तर भर १,०००, एकूण ७,०००. निदान सहाशे तरी हातात पडतात. पण आता आठ हजार कमावणाऱ्यापर्यंत सगळे रांगेत आले आणि खर्च फुगला. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

काकांचं म्हणणं वेगळंच होतं. पैसे नको, काम द्या. "अगं, महाराष्ट्राने देशाला शिकवलंय हे." त्यात ते चूक नव्हते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५मध्ये सांगलीच्या तासगाव भागात करून पाहिलेली रोजगार हमी, बहात्तरच्या दुष्काळात तिने धरलेला जीव, १९७७चा कायदा, २६ जानेवारी १९७९पासून अंमल. आणि त्यासाठी पैसा उभा करायला १९७५मध्ये लावलेला व्यवसाय कर. हे मला ठाऊकच नव्हतं, आणि मी तो कर दर महिन्याला सव्वाशे लोकांच्या पगारातून कापते! महिना २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. लोक विचारतात "हा कसला?" आणि मी सांगते "पीटी." इतकी वर्षं एवढंच उत्तर देत होते. एका राज्याने आपल्या पगारदारांना सांगून पैसा काढला होता, म्हणजे 'पैसा कुठून आणायचा' हा प्रश्न इथे एकदा सुटलेला आहे.

पण काकांना मी विचारलं, मावशींच्या गुडघ्यांनी खडी फोडायची का? निराधारच्या यादीत म्हातारे, अपंग, आजारी माणसं आहेत. काका गप्प बसले. पुढच्या रविवारी त्यांनी 'काम मागेल त्याला काम, ज्याला झेपत नाही त्याला पैसा' असं स्वतःच लिहून आणलं.

आता उत्पन्न मोजायचं कसं? इथे मसुदा खरा अडकला. मावशींच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. आपल्याकडे दुधाचा हिशेब लिहितो तसा त्या खाड्यांचा लिहितात. प्रत्येक घराची वेगळी खूण, एकाची फुली, एकाचा गोल, आमची टिकली. गेल्या वर्षीचं कॅलेंडर मी मागून आणलं आणि एक्सेलमध्ये भरायला बसले. मे महिन्यात दोन घरं गावाला गेली, पगार अर्धा. दिवाळीत एका घराने बोनस दिला, एकाने साडी. ऑगस्टमध्ये ताप, अकरा दिवस खाडे. बारा महिन्यांत कुठलेही दोन महिने सारखे नाहीत, आणि मावशी तरी पगारावर आहेत. त्यांची बहीण पेठहून टोळीबरोबर दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला येते. ऑक्टोबरातली गोडी छाटणी, मग डिपिंग, थिनिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं, मणी विरळ करणं. एकरावर ठरलेले पैसे टोळीत वाटून. पावसाळ्यात गावी भात, हातात रोकड नाही. तिचं 'मासिक उत्पन्न' काय लिहायचं?

त्या रविवारी जोराचा पाऊस होता आणि गोदावरीला पाणी आलं होतं. काका खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "पूर मोजायला आपल्याकडे दुतोंड्या मारुती आहे. पाणी त्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, की छातीला. लांबून कुणालाही दिसतं. तुमच्या गरिबीला असा मारुती शोधा." चेष्टाच होती, पण तिसरा मसुदा त्यावरच उभा राहिला. उत्पन्न विचारायचंच नाही. लांबून दिसणाऱ्या गोष्टींवरून वगळायचं: आयकर भरणारे, सरकारी नोकर आणि पेन्शनर, चारचाकी नावावर असणारे. बाकीच्यांना ठरलेली रक्कम, ठरलेल्या तारखेला. काही चुकीचे लोक आत येतील, हे आम्ही मसुद्यात लिहिलं. दाखल्याच्या पद्धतीत खोटं लिहायला तयार असलेले आत येतात आणि खरं बोलणारे बाहेर राहतात, हेही लिहिलं. रुपयाला पन्नास पैसे कापण्याचं माझं कोष्टक मात्र त्यात वाहून गेलं. मला वाईट वाटलं, सुंदर कोष्टक होतं.

रक्कम कुटुंबाला नको, प्रत्येक प्रौढ व्यक्तीला, असा आग्रह संघटनेच्या ताईंचा. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला तेव्हा टाकलेल्या बायकांची काय धावपळ झाली ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. रोख दिली तर 'दारूवर उडवतील' या आक्षेपाचं उत्तरही त्यांच्याकडेच होतं. मध्य प्रदेशात असंघटित कामगार बायकांच्या 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत मोठ्यांना आधी २०० आणि मग ३०० रुपये महिना, मुलांना त्याच्या निम्मे, अशी रोख रक्कम दिली होती. दारूचा खर्च वाढल्याचं तिथे दिसलं नाही, लोकांचा कामधंदा वाढला.

चौदा पानांचा मसुदा घेऊन आम्ही एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी चहा दिला, पानं उलटली आणि एका पानात आणायला सांगितलं. एका पानाचा केला. पुन्हा गेलो. त्यांनी तो नीट वाचला, खरंच वाचला, आणि पात्रतेच्या परिच्छेदाला पेनने गोल केला. "हे फार मोघम आहे, मॅडम. इथे उत्पन्नाचा दाखला टाका ना. सोपं पडेल." समासात लिहूनही ठेवलं: 'तहसीलदारांचा दाखला जोडणे.' काका माझ्याकडे बघत होते. मी कागद परत घेतला आणि म्हटलं, चौदा पानांतलं दाखल्यावरचं नववं पान तेवढं वाचा, मग सांगा. ते पान सध्या त्यांच्याकडे आहे.

मावशींचं अनुदान सुरू झालं. पहिले तीन महिने काहीच नाही, मग एकदम साडेचार हजार. तोवर त्यांनी शेकडा दहाने उचललेले पैसे त्यातूनच फिटले. काल त्या कॅलेंडर परत मागत होत्या. सप्टेंबरच्या पानामागे गॅसवाल्याचा नंबर लिहिलेला आहे म्हणे.