आजोबांचं नाव नातवाला: बेळगावकडच्या घराण्याचा माग काढताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणाला वंशावळ काढायची असली की माणूस आधी तहसील ऑफिसला पळतो. माझं म्हणणं असं की आधी घरातच बसा, एक वही घ्या आणि जेवढी माणसं आठवतात, हयात असोत नाहीतर गेलेली, त्यांची पाळण्यातली नावं लिहून काढा. आप्पा, आण्णा, तात्या नको, पाळण्यातलं नाव. कारण आपल्याकडची नाव ठेवायची पद्धतच निम्मं काम करून देते.

पद्धत सगळ्यांना माहीत आहे. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, मुलीला वडिलांच्या आईचं, पुढच्यांना आईकडच्या आजा-आजीचं नाहीतर देवाचं. पण त्यातली एक अट विसरली जाते, ती म्हणजे आजा हयात असला तर सहसा त्याचं नाव ठेवत नाहीत. सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेणार नाही, मग त्याच नावाच्या पोराला अंगणातून हाक कशी मारणार? म्हणून आजा गेल्यावर जो पहिला नातू होतो त्याला ते नाव जातं, आणि त्यामुळं कुठल्या नातवाला नाव गेलंय ते बघितलं की आजा साधारण कधी वारला ते कळतंय.

आमच्याच घरचं सांगतो. आजोबा आणि त्यांचे दोघे भाऊ, थोरला कल्लाप्पा, मधला परशराम, धाकटा यल्लाप्पा. खापरपणजोबांचं नाव यल्लाप्पा. म्हणजे पहिली दोन नातवंडं झाली तेव्हा म्हातारा होता आणि तिसऱ्याच्या आधी गेला. शाळेच्या जनरल रजिस्टरात मधल्याची आणि धाकट्याची जन्मतारीख बघितली (1 जून दिसली तर सावध व्हायचं, कारण तारीख माहीत नसली की मास्तर तीच लिहायचे, पण वर्ष थोडंफार धरायला चालतंय), आणि त्या दोन वर्षांच्या मधल्या काळात जमिनीची वारसा नोंद शोधली तर खरंच मिळाली, खापरपणजोबा मयत, वारस मुलगा मारुती. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा 1969 चा, त्याआधीच्या मृत्यूची नोंद गावोगाव मिळेलच असं नाही, त्यामुळं नावावरून निघालेला असा अंदाज लाख मोलाचा असतो.

आता याच पद्धतीतला मोठा घोळ. एक पिढी सोडून तेच नाव येतं, म्हणून बापाचं नाव धरून सुद्धा दोन माणसं तंतोतंत सारखी होतात. आमच्या कागदात ‘यल्लाप्पा बिन मारुती’, म्हणजे मारुतीचा मुलगा यल्लाप्पा, दोनदा आहे, एक खापरपणजोबा आणि एक त्यांचा नातू. मधे साधारण पन्नास वर्षांचं अंतर. घाईत बघणारा दोन्ही एकच माणूस धरतो आणि मधल्या दोन पिढ्या गायब होतात. म्हणून नुसतं नाव जुळलं म्हणून खूश व्हायचं नाही, सर्व्हे नंबर, सोबतच्या भावांची नावं आणि वर्ष तिन्ही जुळलं पाहिजे. मुंबई इलाख्यात हक्क नोंदणीचा कायदा 1903 मध्ये आला, तिथून पुढं ही साखळी बऱ्यापैकी धरता येते. दत्तक असेल तर मात्र साखळी वेगळ्याच घरात शिरते, बापाचं नाव एकदम बदललं की दत्तकपत्र शोधायचं.

देवाच्या नावातनं गावाचा माग लागतो. यल्लाप्पा, परशराम, रेणुका दिसली की सौंदत्तीची यल्लम्मा, कल्लाप्पा म्हणजे कलमेश्वर, भरमा म्हणजे ब्रह्मलिंग, रवळू असेल तर रवळनाथ, मग चंदगडकडं सोयरीक नाहीतर मूळ आहे का ते विचारायचं. ‘कर’ लागलेलं आडनाव तर सरळ बोलतंय, कारण नंदगडकर हे सहसा नंदगड सोडून आलेले असतात, गावात राहणाऱ्याला तसं कोण म्हणत नाही. पाटील, देसाई, कुलकर्णी मात्र वतनाची नावं, गावोगावी सापडतात, त्यावरनं नातं जोडू नका. उलट वतनाच्या वादात वंशावळ जोडलेली असायची, तसा कागद कुणाच्या पेटीत असेल तर सोनं आहे.

आणि दगडू, धोंडू, केरबा, भिकू. ही नावं यादीत आली की मी जरा थांबतो. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये असं ठेवलेलं नाव, म्हणजे त्याच्या आधी घरात एक-दोन तरी बाळं गेलेली असणार ज्यांची नोंद कुठंच नाही. माझ्या तक्त्यात मी तिथं रिकामी चौकट ठेवतो.

कागदाची भाषा बदलते त्याचीही तयारी पाहिजे. जुनं मोडी लिपीत, मग बाळबोध मराठीत, 1956 ला हा भाग म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेल्यानंतर हळूहळू कन्नडमध्ये, आणि कॉम्प्युटरवर चढवताना भावकूचा बावकू, बाळूचा बाळप्पा झालेला असतो. ऑनलाइन पहाणी (कर्नाटकातला सातबारा) शोधताना दोन-तीन प्रकारे टाईप करून बघा.

कागद संपले की हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांची वंशावळ सांगणारे लोक. सुगी झाली की सजवलेला बैल घेऊन येतात, जोत्यावर बसून कापडात गुंडाळलेली वही सोडतात आणि कूळ, देवक, मूळ गाव तिथनं वाचायला लागतात, अमक्याचा अमका, त्याला मुलगे तीन, एकाचा वंश खुंटला. आमच्याकडं आले तेव्हा मी फोनवर रेकॉर्ड केलं, नवीन जन्मलेल्या पोरांची नावं त्यांनी तिथंच लिहून घेतली आणि धान्य घेऊन गेले. नावांची पुनरावृत्ती तिथंही तशीच, मारुती, यल्लाप्पा, मारुती.

पण मुलग्यांचीच नावं. बायका कुठं आहेत? जुन्या दस्तात ‘गंगूबाई कोम मारुती’ एवढं मिळतं, म्हणजे मारुतीची बायको, आणि गंगूबाई हे सुद्धा बहुतेक लग्नात बदललेलं नाव, माहेरचं काय होतं कुणास ठाऊक. हे सगळ्यात आधी विचारून घ्या, आत्याला, मावशीला, गावातल्या म्हाताऱ्या बायकांना, कारण हे कुठल्याच ऑफिसात मिळणार नाही. पणजीच्या माहेरचं गाव आत्याला आठवतंय, नाव नाही. माझा अंदाज असा की पणजीच्या भावानं आपल्या एखाद्या नातीला तिचं नाव दिलं असेल, तेव्हा आता त्या गावातल्या पाहुण्यांकडनं मुलींच्या नावांची यादी मागवलीय, आणि पुढच्या सुगीत हेळवी आले की त्या घराची वही कोण वाचतो ते त्यांनाच विचारायचंय.