सुट्या हातापासून अख्ख्या सांगाड्यापर्यंत : आमची वाटचाल

पुलगाव-आर्वी पट्ट्यात तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे, लाकडी बैल ज्या घरांत घडतात, त्यातलं आमचं एक घर. बाबा सुतार. पोळ्याच्या आधी बैल, बाकी वर्षभर वखर, तिफण, दारं-खिडक्या. मानवी सांगाड्यांचा आमचा कारखाना याच छपरीतून उभा राहिला, आणि तोही ठरवून नाही. तालुक्याच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर प्रयोगशाळेतला प्लास्टिकचा सांगाडा घेऊन आले. त्याला मनगटापासून पुढे हातच नव्हता. बाबांनी सागाच्या तुकड्यात बोटं कोरून, तारेत ओवून दिली. मास्तरांनी दुसऱ्या शाळेत सांगितलं, तिथून तिसऱ्या शाळेत गेलं.

दुरुस्तीला येणारे सांगाडे पाहून एक कळलं. सगळीकडे आधी हातच जातो. वर्गात शिरणारं प्रत्येक पोट्टं सांगाड्याशी शेकहँड करतं, दुसरं काय होणार! हातानंतर जबड्याची स्प्रिंग, त्यानंतर गुडघ्याचा बोल्ट. म्हणून आमचा पहिला विकाऊ माल म्हणजे सुटे हात. अख्खा सांगाडा बराच नंतर आला.

हातानं सुरुवात झाली हे बरंच झालं. एका हातात 27 हाडं असतात : मनगटात 8, तळहातात 5, बोटांत 14. पायात 26. दोन्ही हात नि दोन्ही पाय मिळून 106, म्हणजे शरीरातल्या 206 हाडांपैकी अर्ध्याहून जास्त. मांडीचं हाड साच्यात ओतायला सोपं. रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं प्लास्टिक, जास्त लागतं, डोकं कमी. मनगटाची आठ हाडं मात्र दोन ओळींत अशी अडकलेली असतात की एक जरी फिरलं तरी शेजारचं बसत नाही. ओवायचं काम गावातल्याच बाया करतात. स्कॅफॉइड, लुनेट, हॅमेट ही नावं त्यांना तोंडपाठ आहेत, तरी कामाच्या घाईत ‘हुकवालं’ आणि ‘दाणा’ हेच चालतं. हुकवालं म्हणजे हॅमेट, ते करंगळीच्या बाजूला; दाणा म्हणजे पिसिफॉर्म, तेही तिकडेच. “भाऊ, हुकवालं अंगठ्याकडं लागून राहिलं ना जी,” असं कोणी ओरडलं की तो हात पुन्हा उसवायचा.

अंगठ्याच्या बुडाशी ट्रॅपेझियम असतं. त्याचा पृष्ठभाग खोगिरासारखा, एका बाजूनं खोलगट तर दुसऱ्या बाजूनं उंचवट्याचा. त्यामुळेच अंगठा पुढेमागे होतो, आडवाही फिरतो आणि समोरच्या बोटांवर टेकतो. आमच्याकडे तयार हाताची तपासणी एकच : अंगठा करंगळीच्या टोकाला लागला पाहिजे. नाही लागला तर माल जात नाही. बाजारातल्या स्वस्त सांगाड्यांत ही पाची बोटं एका पट्टीला चिकटवलेली असतात. दिसायला हात, पण त्यावरून मुलाला काय शिकवणार?

आम्हाला शिकवलं ते अ‍ॅनाटॉमीच्या एका निवृत्त सरांनी. वर्धा जिल्ह्यात राहण्याचा हा फायदा. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज 1969 चं, ग्रामीण भागातलं देशातलं पहिलं. पुढे सावंगीलाही मोठं कॉलेज झालं. शरीररचना शिकवणारी माणसं एसटीच्या अंतरावर. सरांनी पाठांतर करून घेतलंच नाही. गुडघ्याची वाटी हातात दिली आणि विचारलं, “डावी की उजवी?” मग स्वतःच दाखवलं. वाटीचं टोक आपल्यापासून दूर करून ती टेबलावर ठेवायची. ज्या बाजूला कलंडेल त्या पायाची. तिच्या मागचा बाहेरच्या बाजूचा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून ती तिकडे झुकते. आमच्या साच्यातून निघालेली प्रत्येक वाटी अजून याच परीक्षेला बसते.

खऱ्या हाडांचा प्रश्न नाजूक असतो. एके काळी कोलकात्याहून जगभरच्या मेडिकल कॉलेजांना सांगाडे जात. 1985 मध्ये केंद्र सरकारनं ती निर्यात बंद केली आणि प्लास्टिकच्या मॉडेलांना भाव आला. आम्ही कॉलेजची परवानगी काढून, तिथल्याच विभागात बसून सिलिकॉनचे साचे घेतले. हाड दाराबाहेर आणलं नाही.

गुडघ्यानं मात्र घाम काढला. पुस्तकात त्याला बिजागरीचा सांधा म्हणतात आणि बाबांना बिजागरी काय नवीन? पण सरांनी स्वतःचा पाय हळूहळू सरळ करून दाखवला. शेवटच्या टप्प्यात नडगीचं हाड थोडं बाहेरच्या अंगाला फिरतं आणि गुडघा कुलुपबंद होतो. म्हणून माणूस फार न थकता उभा राहू शकतो. वाकताना आधी मागचा छोटा पॉप्लिटियस स्नायू ते कुलूप काढतो. एक आडवा बोल्ट टाकला की हे फिरणं मेलंच. आम्ही बोल्ट काढून टाकला. दोन्ही बाजूंना नायलॉनच्या पट्ट्या लावल्या आणि आत दोन दोऱ्या एकमेकींना छेदून बांधल्या. पुढची दोरी नडगीच्या हाडाच्या पुढच्या भागातून निघून मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोळ्याला, मागची मागून निघून आतल्या गोळ्याला. मध्ये रबराच्या दोन चकत्या : आतली अर्धगोल, बाहेरची जवळपास गोल. कबड्डीत लिगामेंट, म्हणजे या दोऱ्यांच्या जागचा बंध, तुटलेलं पोर दवाखान्यात आलं की डॉक्टर हाच गुडघा हातात धरून समजावतात. आमच्या मालात सगळ्यात जास्त खपणारी वस्तू हीच, अख्खा सांगाडा नव्हे.

असंच कोपराखाली. तिथं रेडियस आणि अल्ना अशी दोन हाडं; तळहात पालथा करताना रेडियस अल्नावर आडवं येतं. बहुतेक मॉडेलांत ही दोन हाडं स्क्रूनं जखडलेली असतात. आम्ही रेडियसच्या डोक्याभोवती पट्टीचं कडं घातलं, आणि ते फिरायला लागलं.

ओतकामाचं थोडं सांगतो, कारण इथला उन्हाळा त्याचा शत्रू. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आक्रसतं. खुब्याचा गोळा आणि त्याची खोबण सारखी आक्रसली नाही, तर सांधा एक तर अडकतो नाहीतर लटपटतो. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की घट्ट करणारं हार्डनर टाकल्याबरोबर डब्यातच गोळा तयार. म्हणून उन्हाळ्यात ओतकाम पहाटेच, तेही हार्डनर कमी करून. दुपारी फक्त घासणं आणि रंग. शाळांना पांढरंशुभ्र हाड लागतं, मेडिकलवाल्यांना पिवळसर. खरं हाड पिवळसरच असतं, पण शाळेला ते मळकं वाटतं.

आयुर्वेद कॉलेजं गिऱ्हाईक झाली तेव्हा लेबलं नव्यानं करावी लागली. रचना शारीर, म्हणजे आयुर्वेदातली शरीररचना, शिकणाऱ्या मुलांना सुश्रुताची 300 हाडं, चरकाची 360 आणि आजची 206, तिन्ही लिहावी लागतात. सुश्रुत कूर्चा आणि दातही धरतो, चरकाच्या गणतीत नखंसुद्धा येतात; म्हणून आकडे वाढतात. सांध्यांचे आठ प्रकार सुश्रुतानं सांगितले आहेत. त्यातल्या कोर, उलूखल आणि तुन्नसेवनी यांचे सुटे नमुने आम्ही करतो : बोटाचं पेर, खुबा आणि कवटीची शिवण. सुश्रुताच्या ग्रंथात, शारीरस्थान या भागात, प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजवायचं आणि मग कुंच्यानं हळूहळू थर काढत पाहायचं, असं सविस्तर दिलं आहे. हे ऐकून बाबा म्हणाले, “म्हंजे त्याईनंबी हातानंच पाह्यलं.”

दोन वस्तू आमच्याच मुलखानं मागितल्या. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण खूप. त्यांच्यात मांडीच्या हाडाच्या खुब्यातल्या गोळ्याला रक्त पुरत नाही आणि तो कधी कधी तरुणपणीच खचतो. शेजारीशेजारी ठेवायला एक धड गोळा आणि एक खचलेला, असा जोड आम्ही केला. दुसरी वस्तू यवतमाळ-चंद्रपूरकडची : पाण्यातल्या फ्लोराइडमुळे आखडलेला पाठीचा कणा. पाण्यात फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर कण्याचे बंध हाडासारखे कडक होऊ लागतात. साध्या कण्यात आम्ही मण्यांमध्ये रबराच्या 23 चकत्या घालतो, तो वाकतो. दुसरा वाकतच नाही. आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, गावात फारसं बोलत नाहीत, दोन्ही कणे लोकांच्या हातात देतात.

पैशाचं काय सांगावं! सरकारी टेंडरमध्ये सर्वात कमी दरवाला जिंकतो. एका संस्थेनं आमचं बिल इतकं लांबवलं की मधल्या काळात बाबांच्या बैलांवर कारखाना चालला. बैल अजूनही बंद केलेले नाहीत.

सध्या टेबलावर नवजात बाळाची कवटी आहे. समोरची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, मागची दोन-तीन महिन्यांतच. बाळंतपणात ही हाडं एकमेकांवर थोडी सरकतात आणि डोकं बाहेर येतं, हे नर्सिंगच्या मुलींना हातानं दाबून पाहता यायला हवं. हाडांमधल्या जागेत घातलेलं रबर दाबलं की सुरकुततं, आणि सोडलं की पूर्ण परत येत नाही. ओवणाऱ्या बायांपैकी एकीनं सुचवलं की शिवणीत रबराऐवजी लवचीक कापड भरून पाहावं. एका नर्सिंग कॉलेजनं दोन नमुने मागितले आहेत, दिवाळीआधी द्यायचे आहेत.