रिमला पोचा आलाय... ठोकून घ्यायची की नवीनच टाकायची?

बाइक खड्ड्यात जोरात आपटली की जो तो विचारतो, किती वाकलीये? माझ्या मते हे नंतर बघायचं. आधी चाक कसलं आहे ते बघा, स्पोकचं की ॲलॉयचं, अर्धा निकाल तिथेच लागतो.

स्पोकच्या चाकात हब (मधला भाग), स्पोक, निपल (स्पोक रिमला आवळणारा छोटा नट), रिम सगळं सुटं असतं. चाक डुलायला लागलं, स्पोक ढिले झाले, एखाददुसरा तुटला तर हात बसलेला कारागीर स्पोक ओढून आउट (म्हणजे चाकाचं डुलणं) काढून देतो, आणि रिमच गेली असेल तरी हब तोच ठेवून नवी रिम बांधता येते, त्यामुळे पूर्ण चाक फेकायची वेळ क्वचितच येते. पण नव्या रिमला जुने गंजके स्पोक लावू नका. आणि स्पोक सारखेच तुटत असतील तर एकेक बदलत बसू नका, सरळ अख्खा सेट टाका, कारण एक तुटला की त्याचा लोड शेजारच्यांवर जातो आणि मग तेही लाइनीत लागतात. निपलच्या भोकाभोवती तडा दिसला तर मात्र ती रिम भंगारात.

खरी डोकेदुखी ॲलॉयची. बहुतेक गाड्यांची ॲलॉय चाकं ओतीव ॲल्युमिनियमची असतात, त्यात सिलिकॉन मिसळलेलं असतं, आणि ओतल्यावर ताकद यावी म्हणून बऱ्याचदा चाक 540 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, पाण्यात झपकन थंड करतात आणि मग परत कमी तापमानाला काही तास ठेवतात. आता असं चाक गॅसच्या ज्योतीवर अंदाजाने तापवून सरळ केलं (ॲल्युमिनियम वितळेपर्यंत सहसा लाल दिसतच नाही, म्हणून तर नुसत्या नजरेने अंदाज चुकतो) तर ती ताकद तिथे उतरते, आणि थंड असतानाच हातोड्याने हाणलं तर तडा जाऊ शकतो. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत. चाक सरळ दिसतं हो, पण धातू पहिल्यासारखा राहिलाच असं नाही.

म्हणून मी पोच्याची जागा बघतो. अगदी कडेला, टायर बसतो तिथे छोटासा पोचा, तडा नाही, फक्त हळूहळू हवा जातेय, असं असेल तर हे काम रोज करणाऱ्याकडून जिगवर (चाक पक्कं धरून ठेवणाऱ्या साच्यावर) एकदा सरळ करून घ्यायला माझी हरकत नाही. एकदाच. तीच जागा परत वाकली तर नवीन. आऱ्याच्या मुळाशी, हबजवळ किंवा डिस्क बसते तिथे काही झालं असेल तर रिपेअरचा विषयच नाही, आणि तड्यावर वेल्डिंग मारून देणारे खूप भेटतील पण वेल्डच्या बाजूचा भाग त्या उष्णतेने मऊ पडतो, पुढच्या चाकाला तर मी असलं काही लावणार नाही. मागचं चाक गडबडलं तर सावरायला थोडा तरी चान्स असतो, पुढचं गेलं की गेलं.

तडा नुसत्या डोळ्याने दिसेलच असं नाही, रंगाखाली लपतो. टायर काढून आतून बाहेरून पुसून बघा, शंका असेल तर डाय टेस्ट करून घ्या, लाल रंगाचं लिक्विड लावायचं, पुसायचं, वर पांढरा डेव्हलपर मारायचा, तडा असला की लाल रेघ वर येते.

आउट किती आहे तेही मोजा, डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मोजमाप) लावून चाक हाताने फिरवायचं, वरखाली किती आणि डावीउजवीकडे किती. बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये 2 मिमीच्या आसपास लिमिट असते, काहींमध्ये त्याहून कमी, आपल्या गाडीचं बघून घ्या. पण त्याआधी चाक वरखाली धरून हलवा, खडखड असेल तर दोष बेअरिंगचा असू शकतो आणि आपण उगाच रिमला शिव्या देत बसतो. पुढचं चाक आपटलं असेल तर एक्सल आणि शॉकअपच्या नळ्याही चेक करा. टायरच्या साइडला फुगा आला असेल तर टायरही गेलाच.

ट्यूबलेस रिममधून हवा जाते म्हणून आत ट्यूब टाकून विषय मिटवतात ना, त्याने हवा थांबते, वाकलेली रिम वाकलेलीच राहते. आत तडा असेल तर तो वाढतोय हे कळायची सोपी खूण, म्हणजे ती जाणारी हवा, तीही बंद.

आणि सेकंडहँड चाक घेणार असाल तर नवाकोरा रंग बघून खूश होऊ नका, उलट तिथेच जास्त बघा. बोटाने कड चाचपायची, कुठे लांबी (पुट्टी) भरल्यासारखं लागतं का, घासल्याच्या खुणा आहेत का. मॉडेल सेम असलं तरी वर्ष वेगळं असेल तर एक्सलची जाडी, डिस्कची भोकं, एबीएसची रिंग (ब्रेकच्या सेन्सरला चाकाचा वेग कळतो ती) जुळते का ते पैसे द्यायच्या आधी बघा.